इराणी एफ-१६ दोन सेकंदांत नकली का ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा: "चार महिन्यांपासून फोटोशॉप शिकतोय. एफ-१६ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या एका फोटोवर इराणी हवाई दलाचे रंग चढवले आणि १९८५ सालचं, इराण-इराक युद्धातलं चित्र तयार केलं. रंगकाम मला तरी नीट वाटतं. पण विमानांतलं कळणारा जो तो दोन सेकंदांत 'नकली' म्हणून मोकळा होतो. नकली तर ते आहेच, पण इतक्या लवकर कळतं कसं?"

तुमचं चित्र चारशे टक्के मोठं करून पाहिलं. रंगकाम खरंच बरं आहे. चार महिन्यांत कडा इतक्या स्वच्छ येत नाहीत, तेव्हा हात आहे तुम्हाला. चूक रंगात नाही, तारखेत आहे. तुमच्या एका विमानावर तीन वेगवेगळी सालं एकत्र नांदतायत. बघणाऱ्याला ती मोजून दाखवता येणार नाहीत कदाचित, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला लगेच जाणवतं.

मी पुण्यात सव्वीस वर्षं रीटचिंग करतोय. दिवसा दागिने, गाड्या आणि अजून न बांधलेल्या इमारतींच्या गच्च्या; रात्री विमानं. या प्रकाराला मॉडेल बनवणारे लोक 'व्हॉट-इफ' किंवा लाडाने 'व्हिफ' म्हणतात: जे विमान ज्या देशाकडे कधी गेलंच नाही, ते त्याच्या रंगांत. मी स्वतः १/७२ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, प्लॅस्टिक किटवरून इकडे आलो. किटवर चूक झाली की थिनर लावून पुसावं लागायचं, म्हणून आधी वाचायची सवय लागली. संगणकावर 'अनडू' असतं, त्यामुळे ती सवय कुणाला लागत नाही. तक्रार नाही, निरीक्षण आहे.

आधी खरं काय घडलं ते बघू, कारण तुम्ही निवडलेला विषय निव्वळ कल्पनेतला नाही. शहाच्या, म्हणजे क्रांतीआधीच्या राजाच्या, इराणने १९७६ साली १६० एफ-१६ घ्यायचं ठरवलं होतं. अमेरिकी कागदपत्रांत त्या कार्यक्रमाचं नाव 'पीस झेब्रा'. १९७९ च्या सुरुवातीला क्रांती झाली, करार मोडला गेला आणि एकही विमान तेहरानला पोचलं नाही. इराणसाठी राखलेल्या उत्पादनातली विमानं इस्राएलने उचलली. पहिली चार जुलै १९८० मध्ये तिथे उतरली आणि ७ जून १९८१ ला आठ एफ-१६ नी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली. गंमत अशी की त्याच भट्टीवर ३० सप्टेंबर १९८० ला इराणने स्वतःच्या एफ-४ फँटमनी हल्ला केला होता. म्हणजे इराणला मिळाली असती ती विमानं इराणच्याच शत्रूवर गेली, फक्त वेगळ्या झेंड्याखाली. असा विषय हातात असताना घाई करू नका.

आता तुमचं विमान. उभ्या शेपटाच्या मुळाशी पुढे फुगीर भाग आहे आणि त्यात हवा घेणारं छोटं तोंड आहे. ही एफ-१६ सी ची, म्हणजे नंतरच्या आवृत्तीची खूण. इराणला मिळालं असतं ते ए, आणि तेही अगदी सुरुवातीचं. इस्राएलला गेलेली पहिली विमानं ब्लॉक ५ आणि ब्लॉक १० ची होती (ब्लॉक म्हणजे उत्पादनाचा टप्पा). त्यांचं आडवं शेपूट लहान. मोठं शेपूट ब्लॉक १५ पासून आलं. पंखांच्या टोकाला तुम्ही अ‍ॅमराम लावलंय. ते क्षेपणास्त्र १९९१ मध्ये सेवेत आलं. १९८५ मध्ये एफ-१६ ए कडे साइडवाइंडर क्षेपणास्त्रच हवं. स्पॅरोसुद्धा नको, त्या काळच्या एफ-१६ ला ते चालवता येत नव्हतं. शेपटीकडच्या बाजूला 'आय.आर.आय.ए.एफ.' लिहिलंय, म्हणजे इराणी हवाई दलाचं क्रांतीनंतरचं नाव. आणि रंग कसा, तर कालच कारखान्यातून निघाल्यासारखा.

राउंडेल, म्हणजे विमानावरचं देशाचं गोल चिन्ह, तेही उलटं बसलंय. बाहेरचं कडं लाल आणि मधला ठिपका हिरवा हे इटलीचं. इराणचं बाहेरून हिरवं, मग पांढरं, मधे लाल. ही चूक इतकी होते की मी आता चित्र उघडलं की आधी तेच बघतो. आपल्याकडची मुलं भारताचं राउंडेल डोळ्यांसमोर ठेवून काम करतात, त्यात हिरवा मधे असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो.

तर, आधी ठरवा की इतिहास कुठे वळला. दोन वाटा आहेत आणि दोन्हींची चित्रं एकमेकांसारखी मुळीच दिसणार नाहीत.

पहिली वाट: शहा टिकला. मग १९८५ चं विमान श्रीमंत हवाई दलाचं विमान असेल. अंगावर 'आय.आय.ए.एफ.' हे क्रांतीआधीचं नाव, सुटे भाग भरपूर, रंग वेळच्या वेळी. पण मग इराकने युद्ध सुरू केलं असतं का, हा प्रश्न उभा राहतो आणि तुमच्या चित्रातला धूर काढावा लागतो. मला ही वाट कंटाळवाणी वाटते. चकचकीत विमान म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक.

दुसरी वाट: करार मोडण्याआधी पहिली दहा-वीस विमानं पोचली होती असं मानायचं. अमेरिकी हवाई दलालाच पहिलं एफ-१६ जानेवारी १९७९ मध्ये मिळालं, म्हणजे तुम्हाला उत्पादन सालभर तरी मागे ओढावं लागेल. ओढा, कल्पनेत तेवढी सूट असते. पण एकदा ती घेतली की पुढचं सगळं हिशेबाने आलं पाहिजे. अमेरिकेची बंदी लागली, सुटे भाग बंद झाले, सप्टेंबर १९८० मध्ये युद्ध आलं. इराणच्या एफ-१४ चं प्रत्यक्षात हेच झालं. ८० मागवली होती, ७९ पोचली आणि पुढची कित्येक वर्षं एकाचे अवयव काढून दुसरं उडवत ठेवावं लागलं. तुमच्या एफ-१६ चंही तेच होणार. दहांतली चार उडतील, बाकीची हँगरमध्ये भागांसाठी उभी.

हे चित्रात कसं दिसतं? इथेच खरी मजा आहे. दुसऱ्या विमानावरून काढलेला पत्रा बसवला की त्यावरची कॅमोफ्लाजची, म्हणजे विमान लपवणाऱ्या रंगपट्ट्यांची, नक्षी शेजारच्या पत्र्याशी जुळत नाही. तपकिरी पट्टा पत्र्याच्या कडेला येऊन कापल्यासारखा थांबतो आणि चार बोटं खाली पुन्हा सुरू होतो. असा एक पत्रा, फक्त एक, पाठीवर किंवा इंधनाच्या झाकणाजवळ दाखवा. नवशिक्यालाही कारण न कळता पटतं. माझ्या एका चित्रात मी पुढच्या चाकाचं दार दुसऱ्याच छटेत ठेवलं होतं. चार जणांनी विचारलं, 'हा फोटो कुठे मिळाला?' त्या चित्रात तेवढी एकच हुशारी होती.

मळही विचार करूनच लावायचा. लोक सगळीकडे सारखी धूळ फवारतात. त्याने विमान कोठीतल्या जुन्या ट्रंकेसारखं दिसतं. एफ-१६ ची तोफ डाव्या बाजूला, कॉकपिटच्या जरा मागे असते. गोळीबार झाला असेल तर काजळीचा ओघळ तिथून मागे जाईल. उजव्या बाजूला तो नको. तंत्रज्ञ जिथे पाय देऊन चढतात तिथे, म्हणजे पंखाच्या मुळाशी, रंग घासलेला. वरचे पृष्ठभाग उन्हाने विटलेले, बाजूचे कमी. पोटाखाली तेलाचे ओघळ आणि ते हवेच्या दिशेने मागे जाणारे, सरळ खाली नव्हे.

रंगांबद्दल. इराणच्या फँटम, एफ-५ आणि एफ-१४ वर जी रंगसंगती होती तिला 'एशिया मायनर' म्हणतात: वर वाळूसारखा, तपकिरी आणि गर्द हिरवा, खाली फिका राखाडी. अमेरिकी फेडरल स्टँडर्ड या सरकारी रंगयादीत हे २०४००, ३०१४०, ३४०७९ आणि ३६६२२. हे आकडे वाचायला शिका, उपयोगी पडतात. पहिला अंक चकाकी सांगतो: १ चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगाचं कुळ सांगतो: ० तपकिरी, ४ हिरवा, ६ राखाडी. उरलेले तीन साधारण उजळपणा सांगतात, आकडा मोठा तितका रंग फिका. म्हणजे ३६६२२ पाहताच कळायला हवं की हा मॅट, राखाडी आणि बराच फिका.

पण इंटरनेटवर मिळणारे या रंगांचे संगणकी आकडे जसेच्या तसे ओतू नका. तो रंग दिव्याखाली ठेवलेल्या पट्टीचा असतो. उघड्या माळावर उभ्या विमानाच्या सावलीत आभाळाची निळाई उतरते आणि खालच्या राखाडीवर जमिनीचा उजेड पडतो. वाळवंट असेल तर पोट किंचित पिवळसर दिसायलाच हवं. तुमच्या चित्रात पोट थंड निळसर आहे, कारण मूळ फोटो ओल्या डांबरी धावपट्टीवरचा आहे. तीन सेकंदांची दुरुस्ती आहे ती.

मूळ फोटो निवडणं हे अर्धं काम. राखाडी विमान घ्या, ढगाळ उजेडातलं. कडक उन्हातल्या फोटोत सावल्या काळ्याभोर होतात आणि त्यातून पत्र्यांच्या रेघा परत आणता येत नाहीत. तुमच्यासारखे बहुतेक जण रंगाचा लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालच्या रंगाशी गुणणाऱ्या पद्धतीवर, टाकतात. मल्टिप्लाय फक्त गडद करतो. म्हणून आधी मूळ राखाडीचा रंग काढून टाका, कर्व्ह्ज या उजळपणाच्या साधनाने ती वर उचला, जवळजवळ पांढरी होईपर्यंत, फक्त रेघा, सावल्या आणि चमक उरू द्या. मग तिच्यावर रंग गुणा. हे न केल्यामुळे तुमचा वाळूचा रंग चिखलाचा झालाय.

इस्राएलच्या जुन्या एफ-१६ ए चे फोटो वापरायचा मोह होईल, कारण नेमकी तीच विमानं इराणला जायची होती. मोह रास्त आहे. पण त्यांच्यावर आधीच तीन रंगांचा कॅमोफ्लाज आहे. प्रत्येक रंगाचा वेगळा मास्क करून तिन्ही एका पातळीवर आणावे लागतात. मला एकदा अकरा रात्री लागल्या. डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम, नेदरलँड्सची ए विमानं राखाडी आहेत आणि फोटोही मुबलक, पण अद्ययावत केलेल्या विमानांवर काचेच्या पुढे नाकावर चार छोटी पाती उभी असतात. ती शत्रू-मित्र ओळखीच्या यंत्रणेची, नंतरची. पुसून टाका. आडवं शेपूटही मोजून बघा.

आता कडांचं माप. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. एफ-१६ साधारण १५ मीटर लांब. तुमच्या चित्रात ते नाकापासून शेपटीपर्यंत ३००० पिक्सेल आहे. म्हणजे एक पिक्सेल पाच मिलिमीटरचा. फवारलेल्या कॅमोफ्लाजची कड प्रत्यक्षात काही सेंटिमीटर विरघळलेली असते. पाच सेंटिमीटर धरले तर दहा पिक्सेल. तुमची कड एका पिक्सेलची आहे, म्हणून ती स्टिकर वाटते. उलट राउंडेल आणि क्रमांक स्टेन्सिल किंवा डेकलने येतात, त्यांची कड खरंच तीक्ष्ण असते. तुम्ही नेमकं उलटं केलंय. हा हिशेब प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला कागदावर मांडा, पुढचे सगळे ब्रश त्यावरून ठरतात.

क्रमांकाचं. इराणी लढाऊ विमानांचे क्रमांक ३ आणि आडव्या रेघेने सुरू होतात, पुढे आकडे. तुम्ही टाकलेला क्रमांक एका खऱ्या एफ-१४ च्या मालिकेतला आहे. मुद्दाम अशी मालिका घ्या जी खऱ्या कुठल्याच विमानाला दिलेली नाही. यात अचूकतेचा भाग आहेच, शिवाय खऱ्या क्रमांकामागे खरी माणसं असतात, त्यांतली काही परत न आलेली. कॉकपिटखाली वैमानिकाचं नावही कधी खरं लिहू नये.

डाव्या-उजव्याचा घोळ हा आणखी एक जुना रोग. एका बाजूचं चित्र आरसा करून दुसरी बाजू बनवली की सगळं फिरतं. ब्रिटिश विमानाच्या शेपटीवरच्या पट्ट्यांत लाल नेहमी पुढच्या कडेला असतो, विमानाच्या दोन्ही बाजूंना. फोटो उलटा केला, पट्टे हाताने बदलले आणि तोफेचं तोंड बदलायला विसरले, असं रोज दिसतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. इजिप्तच्या रंगांतलं मारुत मी केलं होतं. एचएफ-२४ मारुत हे जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडवलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं विमान. ते कायम इंजिनाच्या बाबतीत उपाशी राहिलं. त्याच काळात इजिप्तमध्ये हेलवानला एचए-३०० नावाचं विमान आणि त्यासाठी ई-३०० इंजिन तयार होत होतं. भारताने त्या इंजिनात पैसा घातला, एक मारुत चाचणीसाठी तिकडे गेलं आणि १९६७ मध्ये एका बाजूला ते इंजिन लावून उडालं. एचए-३०० चं पहिलं उड्डाणही १९६४ मध्ये भारतीय चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनीच केलं होतं. १९६९ मध्ये इजिप्तने तो कार्यक्रम गुंडाळला. तो गुंडाळला नसता तर, एवढा एक 'तर' पुरेसा होता. जुळवाजुळव करत महिना गेला. चित्र टाकलं आणि दहा मिनिटांत एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, 'राउंडेलमध्ये तारे तीन का? १९६८ च्या इजिप्तला दोनच हिरवे तारे हवेत.' बरोबर होतं त्यांचं. सगळा इतिहास वाचला आणि तारे मोजले नाहीत.

आणि जे अशक्य वाटतं ते तपासून बघा, कधीकधी ते खरंच घडलेलं असतं. मिराज एफ१ वर इराणी राउंडेल? खरं आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी वैमानिक विमानं घेऊन इराणला पळाले आणि इराणने ती ठेवून घेतली. परकं विमान इराणी वर्कशॉपमधून रंगून निघालं की कसं दिसतं, हे बघायला त्या मिराजचे फोटो तुम्हाला कुठल्याही ट्यूटोरियलपेक्षा जास्त शिकवतील. मिग-२९ वर जर्मन क्रॉस? तेही खरं, एकीकरणानंतर पूर्व जर्मनीची २४ मिग वारशात आली. पाकिस्तानसाठी बनलेली, पण निर्बंधांमुळे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिलेली एफ-१६ पुढे अमेरिकी नौदलाने सरावात शत्रूच्या भूमिकेत उडवली. आणि कंपन्या स्वतः काय करतात? २०१९ च्या एरो इंडियात लॉकहीडने भारतासाठी 'एफ-२१' मांडलं, ती व्हॉट-इफ चित्रंच होती. पण त्यांनी एक गोष्ट नीट केली: आपलं हवाई दल नळी आणि टोपलीच्या पद्धतीने हवेत इंधन भरतं, म्हणून एफ-१६ च्या अंगातून बाहेर येणारा प्रोब, म्हणजे इंधन घेणारी दांडी, दाखवला. भारतीय रंगांतलं एफ-१६ करणारे आपले नव्वद टक्के हौशी प्रोब विसरतात.

१९८५ चा फोटो दिसायला हवा असेल तर शेवटी तो बिघडवावा लागतो. त्या काळचे विमानवेडे कोडाक्रोम फिल्मवर फोटो काढायचे. आजच्या कॅमेऱ्याची कोरडी स्पष्टता तिथे नव्हती. सगळे लेयर एकत्र करून एक हलका धुरकटपणा आणि मग फिल्मचा रवा सगळ्या चित्रावर एकदम टाका. तुम्ही रवा फक्त पार्श्वभूमीवर टाकलाय, त्यामुळे विमान काचेवर चिकटवल्यासारखं दिसतं. पार्श्वभूमी बर्फाची घेतलीत तरी हरकत नाही बरं का. तब्रीझला भरपूर बर्फ पडतो. इराण म्हणजे वाळूच, असं काही नाही.

एआयचं विचारलं नाहीत, तरी कुणीतरी विचारेलच. आभाळ आणि डोंगर करायला चालतं. विमान करायला देऊ नका. ते 'एफ-१६ सारखं काहीतरी' देतं: ब्लॉक ५ चं नाक, सी चं शेपूट, आणि अक्षरं कुठल्याच लिपीतली नाहीत. आपला सगळा खेळ ज्या बारकाव्यांवर आहे, नेमके तेच त्याला धरून ठेवता येत नाहीत.

शेवटचं महत्त्वाचं. तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात 'काल्पनिक' असं बारीक लिहिलंय. कोपरा कापायला एक सेकंद लागतो. इराणच्याच बाबतीत बघा: जुलै २००८ मध्ये क्षेपणास्त्र चाचणीच्या अधिकृत फोटोत एक क्षेपणास्त्र कॉपी-पेस्ट करून वाढवलेलं निघालं आणि तो जगभर छापला गेला होता. २०१३ मध्ये काहेर-३१३ हे इराणी लढाऊ विमान दमावंद शिखरावरून उडतानाचं चित्र असंच जोडकाम निघालं. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात व्हिडिओ गेममधले तुकडे खरी लढाई म्हणून फिरले. अशा दिवसांत आपलं चित्र कुठे पोचेल यावर आपला ताबा नसतो. मी 'काल्पनिक' हा शब्द विमानाच्या अंगावर, पंखाच्या मुळापासून शेपटीपर्यंत, फिक्या पण मोठ्या अक्षरांत टाकतो. चित्र थोडं बिघडतं, बिघडू दे. आणि सीमेवर काही तापलेलं असलं की त्या आठवड्यात काहीच टाकत नाही.

मूळ फोटो कुणाचा होता तेही लिहा. अमेरिकी सैन्यदलांच्या छायाचित्रकारांचे फोटो बहुधा मुक्त असतात. पण विमानतळाच्या कुंपणाशी पहाटेपासून उभं राहून एखाद्या हौशी माणसाने काढलेला फोटो त्याचा असतो. विचारून घ्या, बहुतेक जण खुशीने देतात.

दुसरी वाट धरून नव्याने करा आणि मला पाठवा. आणि हो, चाकांच्या कप्प्यांना आतून तुम्ही वाळूचा रंग दिलाय. तिथे पांढराच असतो.